ठिपके दिसले म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलंच का?

प्रश्न : मी झाशीत लक्ष्मी तालाजवळ राहतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करताना दुपारी पडद्यावर रंगीत ठिपके येतात, मग स्क्रीन काळी होते. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलं; हवं तर तापवून चालू करून देतो. काय करू?
— एक वाचक, झाशी

उत्तर : घाई नको. त्रास दुपारीच होतो, म्हणजे पहिला संशय उष्णतेवर. झाशीच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यात पंख्यात धूळ. टास्क मॅनेजरमध्ये कार्डचं तापमान पाहा. काम करताना 85-90 अंशांवर जात असेल तर वायर काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून धूळ उडवा. थर्मल पेस्टही बदलून घ्या. मग दुसरी केबल लावून पाहा आणि ड्रायव्हर नव्याने टाका.

विंडोज सुरू होण्याआधीच ठिपके दिसले, तर ड्रायव्हर निर्दोष. तेच कार्ड मित्राच्या मशीनवर चालवा. तिथे ते ठणठणीत चाललं, तर तुमचा पॉवर सप्लाय तपासा; तो कमजोर असला तरी जोर पडताच स्क्रीन जाते.

तापवून 'दुरुस्त' केलेलं कार्ड फार तर काही आठवडे चालतं, त्यावर पैसे घालू नका. आधी वॉरंटी पाहा. नवं घ्यायचंच झालं तर कॅबिनेटमधली जागा मोजा. स्लॉटमधून फक्त 75 वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डला वेगळी पॉवर केबल हवी. जुनं कार्ड मात्र अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि तोवर लग्नांच्या फायलींचा बॅकअप आजच घ्या.