द्राक्षाचा रस आणि घट्ट बूच

आपल्या धाराशिव जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, त्यामुळे वाइनचा विषय हॉस्टेलवर निघतोच. रस आंबतो म्हणजे काय? यीस्ट रसातली साखर खातं. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हे जिवंत पेशींचं काम आहे, असं लुई पाश्चरने 1857 च्या सुमारास मांडलं.

आता हिशोब बघू. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम वायू. पिकलेल्या द्राक्षांच्या एक लिटर रसात साधारण 200 ग्रॅम साखर असते. म्हणजे सुमारे 98 ग्रॅम वायू, खोलीच्या तापमानाला 50 लिटरहून जास्त! बूच घट्ट लावलं तर काचेची बाटली फुटून डोळ्यांत जाऊ शकते. उघडी ठेवली तर हवेमुळे बॅक्टेरिया अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. म्हणून वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही, अशी झडप लागते.

फुलांचं काय? मोहाच्या फुलांत साखर भरपूर असते. गुलाबपाकळ्या मात्र फक्त रंग-वास देतात, साखर वरून घालावी लागते.

आणि महत्त्वाचं म्हणजे, 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन बनवणं गुन्हा आहे. तेव्हा हिशोब वहीत करा, द्राक्षं तशीच खा!