थँक्सगिव्हिंगला घड्याळ सांभाळा

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. रात्री साडेअकराला फोन वाजला. न्यू जर्सीहून माझ्या एका जुन्या पेशंटची मुलगी बोलत होती. तिकडे दुपारचा एक. ''डॉक्टर, बाबांना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरताहेत, बोलणंही अडखळतंय. जेवायला अजून दोन तास आहेत, टर्की ओव्हनमध्येच आहे!'' साखर तपासायला सांगितली. ५४ निघाली.

झालं होतं असं, की काकांनी सकाळी आठला नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, पण ''तीन वाजता एवढं मोठं जेवण आहे, पोटात जागा ठेवू'' म्हणत नाश्त्याला नुसता बिनसाखरेचा चहा. गोळीला थँक्सगिव्हिंग कळत नाही. ती आपलं काम करत राहिली. काकांना गिळता येत होतं, म्हणून अर्धा कप संत्र्याचा रस दिला आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा पाहिली. ती वर आली होती. मग टर्कीची वाट न पाहता दोन टोस्ट खायला लावले.

दिवाळी आटोपली की आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा मुलांकडे अमेरिकेला जातात, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हा सण त्यांच्यासमोर येतो. ''डॉक्टर, त्या दिवशी काय खाऊ नको?'' असं मला विचारतात. माझं उत्तर असं, की ताटाची काळजी थोडी कमी करा आणि घड्याळाची जास्त.

आधी सणाबद्दल थोडं. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले. थंडी, उपासमार, स्कर्व्ही आणि छातीच्या विकारांनी पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे गेले. ज्या प्लिमथला ते वसले, तिथे पूर्वी पटुक्सेट नावाचं मूळ रहिवाशांचं गाव होतं. १६१६ ते १६१९ दरम्यानच्या साथीत ते ओस पडलं होतं. त्याच गावचा टिस्क्वांटम याने या नवख्यांना मासळीचं खत घालून मका लावायला शिकवलं. १६२१च्या शरदात पीक हाती आलं आणि वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला. तीन दिवस जेवणावळ चालली. पाहुण्यांनी पाच हरणं आणली, यजमानांनी रानपक्षी मारले. एडवर्ड विन्स्लो याने त्याच डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात हे आहे. टर्कीचं नाव मात्र त्यात नाही. बटाटा तिथे पोचलेला नव्हता, आणि पायसाठी लागणारं गव्हाचं पीठ आणि लोणीही नव्हतं. पुढे सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, लिंकनने राष्ट्रीय थँक्सगिव्हिंग जाहीर केलं. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ मध्ये. मूळ रहिवाशांपैकी अनेकजण १९७० पासून हाच दिवस प्लिमथला शोकदिन म्हणून पाळतात, हेही पाहुण्याला ठाऊक असावं.

आता ताट. त्या मूळ रहिवाशांच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र वाढत. मक्यात जे अमिनो आम्ल कमी, ते घेवड्यात भरपूर. आपल्या वरणभाताचं गणितही हेच. आजच्या टेबलावर मात्र मॅश्ड पोटॅटो, पावाचं स्टफिंग, मार्शमॅलो घातलेलं रताळं, मका, डिनर रोल आणि शेवटी भोपळ्याचा पाय अशी रांग असते. नावं सहा, पण साखर वाढवण्याच्या कामात सगळे एकाच माळेचे मणी. मधुमेह असेल तर यांतले आवडीचे दोनच निवडा. अर्धं ताट फरसबी, ब्रसेल्स स्प्राउट्स, सॅलड यांनी भरा. कातडी काढलेली टर्की खुशाल घ्या. पाय हवाच असेल तर रोल सोडा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ग्रेव्ही चमच्याने घ्या, पळीने नको. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या टर्कीत आधीच भरपूर मीठ असतं. जेवणानंतरच्या गुंगीचा दोष टर्कीतल्या ट्रिप्टोफॅनला देतात, पण ते कोंबडीतही तेवढंच असतं. झोप येते ती आकंठ जेवल्याने. सोफ्याऐवजी गल्लीत पंधरा मिनिटं चालून या.

आणि आता घड्याळं.

पहिलं औषधाचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर नाश्ता चुकवू नका. जेवण तीनला असेल तर डोस कसा घ्यायचा, हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा.

दुसरं फ्रीजचं. गोठलेली टर्की ओट्यावर वितळवू नका. फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. म्हणजे पंधरा पौंडांचा पक्षी रविवारीच खाली काढायचा. तो धुवू नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर उडतात. शिजल्याची खात्री रंगावरून नव्हे, थर्मामीटरने करा: सर्वांत जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट, आणि आतल्या स्टफिंगमध्येही तेवढंच.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं, टेबलावरचं. पाहुणे येत राहतात, गप्पा रंगतात आणि ताटं उघडीच राहतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मांस हळूहळू निवत असताना ते पुन्हा जागे होऊन वाढतात. सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब. मराठी घरांत टर्कीशेजारी मसालेभाताचं पातेलं असतं. भातातला बॅसिलस सेरियसही असाच वागतो. म्हणून दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये, तेही उथळ डब्यांत, म्हणजे लवकर थंड होतं. उरलेलं तीन-चार दिवसांत, वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. ''टाकवत नाही'' म्हणून पुढच्या गुरुवारपर्यंत शिळं खाणाऱ्या आज्या मला ठाऊक आहेत. अन्न वाया जाऊ नये हे खरंच. त्यासाठी सोमवारपर्यंत पुरेल एवढंच ठेवा, बाकीचं त्याच रात्री पाहुण्यांना डबे भरून द्या.

काका यंदाही तिकडेच आहेत. निघण्याआधी तपासायला आले होते. खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, ''लेकीला विचारून घेतलंय. नाश्ता आठला, टर्की तीनला. आता गोळीचं तुम्ही सांगा.''