राजमा खावा, पण पूर्ण शिजवून

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या महिन्याच्या आरोग्याच्या पाठात राजम्यावर लिहा, असं ताईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. इंदूरच्या आपल्या मंडळींना राजमा म्हटलं की माझी आठवण येते, आणि ती काही फार चांगली आठवण नाही. मग विचार केला, जिच्या हातून चूक झाली तिनंच लिहिलं तर इतरांना जास्त उपयोग होईल. म्हणून आधी चूक सांगते, मग राजम्याचे गुण.

*काय झालं होतं*

तीन वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. महाप्रसादाला ७० माणसांचा राजमा-भात होता आणि स्वयंपाकाची सेवा माझ्याकडे होती. रात्री राजमा भिजवला. पहाटे त्याच पाण्यात मोठ्या भगोन्यात चढवला. भिजवलेलं पाणी फेकलं तर सत्त्व जातं अशी माझी समजूत होती. उकळी फुटायच्या आतच भट्टीची टंकी संपली. दुसरी मोठी टंकी मिळेना, म्हणून घरची छोटी शेगडी आणून लावली. एवढ्या मोठ्या भगोन्याला ती आच कुठली पुरणार? वाफ येत होती, पण खळखळून उकळी काही आली नाही. अडीच तासांनी दाणा बराच मऊ झाल्यासारखा वाटला, तेव्हा टोमॅटोचा मसाला घातला आणि आरती झाल्यावर पानं वाढली.

दुपारी तीनच्या सुमारास पहिला फोन आला, उलट्या होताहेत म्हणून. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत ११ जणांना उलट्या-जुलाब झाले, एका वयस्कर काकूंना सलाईन लावावं लागलं. रात्रीपर्यंत सगळे सावरले, ही सद्गुरूंची कृपा. कुणी म्हणालं पाणी खराब असेल, कुणी म्हणालं ताक आंबलं असेल. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. लहान मुलांपैकी कुणालाच काही झालं नव्हतं. मुलांनी कडक दाणे ताटात बाजूला काढून ठेवले होते. काकूंना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, दाणा कचवट लागत होता, पण प्रसाद आहे, टाकायचा कसा? म्हणून संपवला."

त्यांचं ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. आपली माणसं श्रद्धेनं ताट पुसून खातात. म्हणूनच वाढणाऱ्याची जबाबदारी दुप्पट असते. त्यानंतर मी राजम्याबद्दल जिथे जे मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच इथे लिहिते.

*कच्च्या राजम्यात असतं काय*

राजम्याच्या दाण्यात, विशेषतः लाल राजम्यात, एक प्रकारचं प्रथिन असतं. त्याला लेक्टिन म्हणतात. ते आतड्याच्या आतल्या अस्तराला त्रास देतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत मळमळ, जोरात उलट्या, मग पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात. बहुतेकांना काही तासांत आराम पडतो, पण वयस्कर माणसं आणि लहान मुलं यांच्या अंगातलं पाणी कमी होण्याची भीती असते. अशा वेळी मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस द्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

आता महत्त्वाची गोष्ट. हे लेक्टिन खळखळत्या उकळीनं नष्ट होतं, नुसत्या कोमट आचेनं नाही. उलट ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम होत राहिलं तर राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक होऊ शकतो. माझ्या भगोन्यात नेमकं हेच झालं. म्हणून मंद आचेवर तासन् तास शिजवणारी जी विजेची भांडी आता मिळतात, त्यांत राजमा थेट टाकू नये. आधी गॅसवर नीट उकळून घ्यावा आणि मग हवं तर त्यात ठेवावा.

जपानमध्ये २००६ साली टीव्हीवर वजन कमी करायचा एक उपाय दाखवला होता. पांढरा राजमा दोन-तीन मिनिटं भाजायचा, त्याची पूड करायची आणि भातावर घालून खायची. पांढऱ्या राजम्यात लेक्टिन लालपेक्षा कमी असतं, तरीही हा उपाय करून शेकडो लोक आजारी पडले. वस्तू चांगली होती, कृती चुकली. आपल्या मोबाईलवर रोज असे उपाय येतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

*मग राजमा खायचाच कशाला?*

कारण नीट शिजवला तर तो फार गुणाचा आहे, विशेषतः आपल्यासारख्या शाकाहारी घरांत. एक वाटी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम शिजलेला राजमा घेतला, तर त्यातून अंदाजे एवढं मिळतं:

🔸 प्रथिनं ८ ते ९ ग्रॅम
🔸 तंतू (फायबर) ६ ते ७ ग्रॅम
🔸 लोह २ ते ३ मिलिग्रॅम
🔸 फोलेट सुमारे १३० मायक्रोग्रॅम
🔸 पोटॅशियम सुमारे ४०० मिलिग्रॅम
🔸 स्निग्ध पदार्थ जेमतेम अर्धा ग्रॅम
🔸 ऊर्जा १२५ ते १३० कॅलरी

आता हे आकडे आपल्या ताटात उतरवू.

१) *प्रथिनं.* राजम्याच्या प्रथिनात लायसिन भरपूर असतं, ते तांदूळ-गव्हात कमी असतं. उलट तांदूळ-गव्हात जे मिळतं, ते राजम्यात कमी. म्हणून राजमा-भात किंवा राजमा-पोळी ही जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. आपला वरण-भातही याच न्यायाचा.

२) *साखर.* राजम्यातला पिष्टमय भाग हळूहळू पचतो. त्यामुळे रक्तातली साखर एकदम चढत नाही. पण याचा अर्थ मधुमेह्यांनी राजम्याबरोबर परातभर भात खावा असा नाही! आमच्या घरी ह्यांना मधुमेह आहे. त्यांच्या ताटात राजमा दीड वाटी आणि भात अर्धी वाटी असतो. आधी रुसले, आता सवय झाली.

३) *पोट आणि हृदय.* तंतूंमुळे पोट साफ राहतं आणि भूक लवकर लागत नाही. त्यातले विरघळणारे तंतू रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतात. मात्र वर लोण्याचा गोळा आणि साय घातली तर हा फायदा आपणच घालवला म्हणायचा.

४) *लोह.* आपल्या बायका-मुलींसाठी हा मुद्दा मोठा. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. वाटीभर राजम्यातून त्याचा साधारण दहावा हिस्साच मिळतो. शिवाय धान्य-कडधान्यातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. म्हणून राजम्यावर लिंबू पिळा, शेजारी कांदा-टोमॅटोची कोशिंबीर घ्या. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. आणि जेवण झाल्या झाल्या चहा टाळा, तासभर तरी थांबा. रक्त कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायच्याच, नुसत्या राजम्यावर विसंबून राहू नये.

५) *फोलेट.* नवीन रक्तपेशी तयार व्हायला आणि गर्भाच्या वाढीला ते लागतं. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर आठवड्यातून एक-दोनदा राजमा जरूर करा. अर्थात फॉलिक अॅसिडची गोळी मात्र चालूच ठेवायची.

आणि एक गोष्ट राजम्यात नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते कुठल्याच कडधान्यात नसतं. त्यासाठी दूध-दही आणि गरज असेल तर डॉक्टरांचा सल्ला.

*एक गैरसमज, फार जपून वाचा*

मागच्या महिन्यात आपल्या एका गुरुभगिनीचा फोन आला. तिच्या मोबाईलवर निरोप फिरत आला होता, 'राजमा किडनीच्या आकाराचा असतो म्हणून तो किडनी बरी करतो.' तिच्या यजमानांची मूत्रपिंडं कमजोर झाली आहेत. ती रोज वाटीभर राजमा द्यायला निघाली होती.

ताई-दादांनो, आकारावरून औषध ठरत नाही. इंग्रजीत त्याला किडनी बीन म्हणतात ते फक्त आकारामुळे. उलट मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर पोटॅशियम आणि फॉस्फरस शरीरात साठतात, आणि राजम्यात दोन्ही भरपूर असतात. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाला धोका होतो. निरोगी माणसाला जो गुण, तोच या रुग्णाला अपाय. ज्यांचं डायलिसिस चालू आहे किंवा क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राजमा खाऊ नये. त्या गुरुभगिनीनं विचारलं म्हणून बरं झालं. न विचारता कितीजणी देत असतील, या विचारानंच हा परिच्छेद लिहिला.

*राजमा आपला की परका?*

कुणी म्हणेल, हा पंजाबी पदार्थ, आपल्याकडे कुठे होता? मीसुद्धा राजमा शिकले ते शेजारच्या पंजाबी भाभीजींकडूनच. पण खरं तर हे झाड मुळात अमेरिका खंडातलं, म्हणजे आपल्यालाही पाहुणं आणि पंजाबलाही. आपण ज्याला श्रावणघेवडा किंवा फरसबी म्हणतो, त्याच जातीच्या झाडाचा पिकून वाळलेला दाणा म्हणजे राजमा. साताऱ्याकडे कोरेगाव भागात जो वाघ्या घेवडा पिकतो, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, तोही याच कुळातला. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. माझी आजी त्या बाजूची. ती घेवड्याची आमटी करायची आणि म्हणायची, "वातूळ आहे गं, आलं-हिंग विसरू नको." म्हणजे राजमा आपल्या घरी होताच, वेगळ्या नावानं.

*करायची रीत*

✅ राजमा निवडून धुवा आणि तिप्पट पाण्यात ८ ते १० तास भिजवा. ५ तासांपेक्षा कमी कधीच नको. मे महिन्याच्या उकाड्यात पाणी आंबतं, म्हणून फ्रिजमध्ये भिजवा.

✅ भिजवलेलं पाणी *फेकून द्या*. त्यात थोडं लेक्टिन आणि गॅस करणारा साखरेचा अंश उतरलेला असतो. झाडांना घातलं तर वायाही जात नाही.

✅ ताज्या पाण्यात कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की आच मध्यम करून २० ते २५ मिनिटं ठेवा. उघड्या भांड्यात करायचा असेल तर खळखळती उकळी निदान अर्धा तास हवी, मग मऊ होईपर्यंत शिजवा.

✅ टोमॅटो, चिंच, आमसूल दाणा *पूर्ण शिजल्यावरच* घाला. आंबटामुळे दाणा लवकर शिजत नाही. जुना राजमा आणि जड पाणी असेल तर जास्त वेळ लागतो.

✅ खायचा सोडा शक्यतो नको. त्यानं दाणा लवकर मऊ होतो, पण बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

✅ भांड्याच्या तळातून, मधून आणि वरून असे पाच दाणे काढा. अंगठा आणि बोट यांत दाबले की लोण्यासारखे चेपले गेले पाहिजेत. एक जरी आतून टणक लागला तरी पुन्हा गॅसवर.

❌ मटकी-मुगासारखे मोड आणून राजमा कच्चा खाऊ नका. मोड आले म्हणून लेक्टिन जात नाही.

❌ ज्यांना गॅसचा त्रास होतो त्यांनी एकदम मोठी वाटी घेऊ नये. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी, हळूहळू पोटाला सवय होते. फोडणीत हिंग, आलं, ओवा असावाच.

घरी मी आठवड्यातून एकदा राजमा करते. एकदा भाभीजींच्या पद्धतीनं, एकदा गोडा मसाला आणि ओलं खोबरं घालून उसळ. दोन्ही संपतात.

*शेवटी एक विनंती*

त्या गुरुपौर्णिमेपासून आपल्या केंद्रावर राजमा बंद आहे. कुणी मला एक शब्दानं बोललं नाही, पण यादीतून तो आपोआप गळला. माझी समितीला नम्र विनंती आहे की येत्या दत्तजयंतीला त्याचा पुन्हा विचार व्हावा. मात्र एकाच मोठ्या भगोन्यात नको. चार-पाच घरांनी आपापल्या कुकरमध्ये शिजवून आणावा, केंद्रावर फक्त फोडणी द्यावी. भरलेली जास्तीची टंकी आधीच आणून ठेवावी. आणि वाढण्याआधी प्रत्येक डब्यातले पाच-पाच दाणे दाबून बघायची सेवा मला द्यावी.

प्रसाद टाकायचा नसतो, हे काकूंचं खरंच आहे. तो टाकायची वेळ येऊ नये, हे आपल्या हातात आहे.

कुणाला काही शंका असेल तर रविवारच्या सत्संगानंतर जरूर विचारा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

🙏 आपली एक सेविका, इंदूर