निशिगंधाच्या मुळाची गाठ

आमच्या शिरपूर जैनच्या शिवारात सोयाबीन-तुरीशेजारी कोणी थोडी फुलं लावली की लोक विचारतात, भाव काय लागला? कंद कुठून आणले, हे कोणी विचारत नाही. निशिगंधात खरं तर पहिला प्रश्न तोच.

मला बाहेरगावच्या एका विक्रेत्याने ‘सुधारित, रोगाला बळी न पडणारे’ म्हणून कंद दिले. बिलावर मात्र नुसतं ‘निशिगंध कंद’. आधी वांगी घेतलेल्या हलक्या वावरात ते लावले. पावसाळा सरता सरता मधला पट्टा पिवळा पडला, दांडे आखूड निघू लागले. झाड उपटलं तर मुळांना गाठीच गाठी. शेजारचे काका म्हणाले, “सोयाबीनले बी गाठी असतेच ना, चांगलंच हाय!”

गडी इथेच फसतो. सोयाबीनची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते. नखाने सुटते, फोडली तर आत गुलाबी निघते. निशिगंधाची ही गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच फुगलेलं असतं आणि आत सूत्रकृमीची, म्हणजे सुतासारख्या बारीक कृमीची, मादी बसलेली असते. वांगी, भेंडी, टोमॅटो ही तिची आवडती बिऱ्हाडं.

या सूत्रकृमीला सहनशील असा ‘शृंगार’ वाण बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सिंगल आणि डबल निशिगंधाच्या संकरातून काढला. काम सोपं नव्हतं. सिंगल स्वतःच्या परागावर बी धरत नाही आणि डबलला तर बी जवळपास येतच नाही. पुढे शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांच्यापासून ‘प्रज्वल’ आला. म्हणून आईचे सगळे गुण लेकीत उतरले असतील असं धरू नका. ज्या रोगाची भीती आहे, त्याचं नाव घेऊन विचारा. सहनशील म्हणजे सूत्रकृमी असूनही झाड तग धरतं, वावर साफ होतं असं नव्हे. शिवाय ही ताकद मुळावरच्या शत्रूपुरती. पश्चिम बंगालमध्ये निशिगंधाच्या कळ्या खराब करणारी सूत्रकृमी वेगळीच आहे. भाताच्या पानांचे शेंडे पांढरे करणारी तीच, आणि ती कंदातून प्रवास करते. कंदापासून वाढवलेल्या वाणात गुण जसाच्या तसा येतो खरा, पण त्याच कंदाबरोबर रोगही येतो.

तेव्हा बिलावर वाणाचं नाव लिहून घ्या. कंद धुऊन उरलेली मुळं उजेडात बघा. शंका आली तर करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारून नमुना पाठवा. एक गोष्ट लक्षात ठेवा: खतासाठी माती तपासताना ती सावलीत वाळवतात, सूत्रकृमीसाठी अजिबात वाळवायची नाही. मुळांसकट ओलसर माती पिशवीत बांधून, उन्हापासून जपून लवकर पोचवायची. मेलेली सूत्रकृमी सापडणं कठीण.

लागवडीआधी एक हंगाम झेंडू घ्या. त्याच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमीला मारक असतात, आणि दसऱ्याला फुलंही विकली जातात. निंबोळी पेंडही टाका, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

त्या पट्ट्यातले कंद मेहुण्यांनी बेण्याला मागितले होते. मी दिले नाहीत, वाळवून जाळले. ते आजही मला चिकट म्हणतात.