थोरलीला झालं म्हणून तुलाही होईल असं नाही गं

अगं, थोरलीचं एमआरआयचं पाकीट घरात आलं आणि तू स्वतःचे हात-पाय चाचपायला लागलीस, हे मला फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. जरा मुंग्या आल्या की 'मलाही एमएस झाला का?' चहा ठेव आणि निवांत ऐक.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. त्यात अंगाचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं वेष्टन ती कुरतडते. वायरीचं प्लास्टिक सोललं की करंट नीट जात नाही, तसंच हे. सुरुवात बहुतेक 20 ते 40 या वयात होते, बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट. तू बाईमाणूस, वय तेच, त्यात सख्खी बहीण आजारी. घाबरलीस यात नवल नाही.

पण खरं सांगू का, आकडे धीर देणारे आहेत. परदेशातल्या नोंदींत, बहिणीला एमएस असलेल्या 100 जणींपैकी 2-3 जणींनाच तो होतो. एकसारख्या जुळ्यांचं रक्तमांस अगदी एक, तरी एकीला झाला तर दुसरीला व्हायची शक्यता चारात एक. घराण्याचा वाटा आहे, नाही असं नाही. मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात लाखामागे 21 जणांना हा आजार सापडला. आपल्याकडच्या इतर लोकांत तो त्याहून बराच कमी धरतात.

आणि आईला रडू देऊ नकोस. 'लहानपणी एकमेकींचं उष्टं खायच्या' म्हणून ती स्वतःला कोसत बसलीय ना? एपस्टाईन-बार नावाचा विषाणू थुंकीतून पसरतो, हे खरं. हार्वर्डच्या संशोधकांनी 1 कोटीहून जास्त अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये सांगितलं, की त्याची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पट वाढतो. पण बघ, हा विषाणू मोठेपणापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात शिरतो. तुझ्यामाझ्याही असणार. त्यातल्या फार थोड्यांना एमएस होतो. मग आईचा काय दोष? करणीमुळे नाही, नजरेमुळे नाही, लसीमुळेही नाही. थोरलीच्या ताटात जेवलीस तरी तुला काही होत नाही.

आता ऊन. विषुववृत्तापासून लांबच्या, कमी उन्हाच्या देशांत हा आजार जास्त दिसतो आणि ड जीवनसत्त्व कमी असणं हाही एक धोका मानतात. राधानगरीत जूनपासून झड लागली, धरणाची स्वयंचलित दारं उघडली, की कपडे चुलीवर वाळवायची पाळी येते. अंगाला ऊन कुठलं? म्हणून पाऊस सरला की अंगणात बसत जा, रक्तातलं ड तपासून घे. पण मेडिकलमधून 60,000 युनिटची पाकिटं आणून मनानं खायची नाहीत हं! जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. डॉक्टर सांगतील तेवढंच.

सिगरेटीनं धोका साधारण दीडपट होतो. तू ओढत नाहीस, पण दादा माजघरात ओढतो, त्याला सरळ बाहेर काढ. माझं नाव सांग. वाढत्या वयातल्या लठ्ठपणाचाही वाटा आहे, तेव्हा भाचीला वेफर्सच्या पुड्या जरा कमी आणा.

मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या आल्या आणि दोन मिनिटांत गेल्या, तर विसरून जा. पण एका डोळ्याला अंधुक दिसायला लागलं, डोळा फिरवताना दुखलं, किंवा हात-पाय बधिर झाले, तोल जायला लागला आणि हे 24 तासांवर टिकलं, तर घरगुती काढे करत बसू नकोस. कोल्हापूर गाठून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखव. नुसत्या भीतीपोटी एमआरआय काढू नकोस, ते पैसे थोरलीच्या औषधाला लागतील.

तिची कागदपत्रं मात्र तू हातात घे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात एमएसचा समावेश आहे, तेव्हा दाखल्याचं डॉक्टरांना विचार. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून काम करते, तिची शाखा पुण्यातही आहे. या आठवड्यात थोरलीला घेऊन तिथं फोन लाव आणि काय म्हणाले ते मला कळव.