'इणायिक' : ऋणको की धनको?

पाली शिकणारे विद्यार्थी 'इणायिक' या शब्दापाशी हमखास अडखळतात. संस्कृत 'ऋण'चे पालीत 'इण' झाले. त्यापासून 'इणायिक', म्हणजे ऋणाशी संबंध असलेला मनुष्य. विद्यार्थी लगेच 'कर्जदार' असे लिहून मोकळा होतो आणि तेथेच चुकतो. ऋणाशी संबंध घेणाऱ्याचा असतो तसा देणाऱ्याचाही असतो. म्हणून हा एकच शब्द कधी ऋणको, तर कधी धनको या अर्थाने येतो. वहीत दोन्ही अर्थ टिपून ठेवावेत.

विनयपिटकातील महावग्गात एका इणायिकाची हकिकत आहे. तो पळून जाऊन भिक्खू झाला. धनको त्याला धरू लागले तेव्हा इतरांनी अडवले, कारण शाक्यपुत्रीय श्रमणांना कोणी काही करू नये अशी मगधराज बिंबिसाराची आज्ञा होती. लोक कुरकुर करू लागले. त्यावरून भगवंतांनी इणायिकाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम घातला. येथे अर्थ ऋणको. उपसंपदेच्या वेळी 'अनण', म्हणजे ऋणमुक्त, आहेस काय असे आजही विचारतात. यावरून गरिबाला संघाचे दार बंद होते असे काहीजण म्हणतात; ते आम्हांस पटत नाही. नियम मोडल्याचा दुक्कट दोष कर्जबाजारी माणसाला लागत नाही, प्रव्रज्या देणाऱ्या भिक्खूला लागतो. चीवराच्या आडून कोणाचे देणे बुडू नये, एवढाच हेतू दिसतो.

कर्जाचे दुःख भगवंतांना ठाऊक नव्हते असे नाही. अंगुत्तरनिकायात दारिद्र्य, कर्ज, व्याज, तगादा अशी साखळीच सांगितली आहे. व्याजाला तेथे शब्द आहे 'वड्ढि'. खेड्यातील आपल्या वाडवडिलांनी सोसलेल्या वाढीदिढीतली 'वाढी' तीच! मणभर धान्य न्यावे आणि सुगीला दीड मण घालावे.

आता दुसरा अर्थ. संयुत्तनिकायात चौदा बैल हरवलेला एक ब्राह्मण भेटतो. त्याच्या दारी भल्या पहाटे तगादा लावायला येतात तेही इणायिकच. येथे 'कर्जदार' लिहिले तर सारेच उलटे होईल. हा ब्राह्मण पुढे भिक्खू झाला. मग वरच्या नियमाचे काय? अट्ठकथा सांगते की, तथागत त्याला कोसलराज पसेनदीकडे घेऊन गेले. राजाने त्याचे देणे फेडले आणि त्याच्या सात विधवा मुलींचा भार स्वतःवर घेतला.