‘आपण’ आणि ‘आम्ही’ : पक्षांतर्गत लढतीतील वैतागाची भाषा

प्रास्ताविक

दोन विरोधी पक्ष एकमेकांवर टीका करतात तेव्हा ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण हे आधीच ठरलेले असते. प्रतिस्पर्धी आपल्याच पक्षाचा असेल तर मात्र भाषेची कोंडी होते. ज्याच्यावर आज चिडायचे, त्यालाच कदाचित चार महिन्यांनी मत द्यायचे असते. ही कोंडी शब्दांत कशी उतरते, ते या घटकात आपण अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या २००८ मधील उमेदवारीच्या लढतीवरून पाहणार आहोत.

आपल्याकडे उमेदवार बहुधा पक्षश्रेष्ठी ठरवतात. ‘तिकीट मिळाले’, ‘तिकीट कापले’ हे प्रयोग त्यातूनच रूढ झाले. या दोन्ही वाक्यांत मतदार कोठेही नाही, हे ध्यानात घ्या. अमेरिकेत पक्षाच्या उमेदवारीसाठी राज्याराज्यांत मतदान होते, त्यास ‘प्रायमरी’ म्हणतात. काही राज्यांत सभा भरवून कौल घेतात, ती ‘कॉकस’. डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात आणि ते राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निश्चित करतात. येथे मतदार स्वतः निवड करणारा असल्यामुळे त्याचा वैतागही बोलका असतो.

विषय-विवेचन

३ जानेवारी २००८ रोजी आयोवा राज्यात बराक ओबामा जिंकले. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरी क्लिंटन. ५ फेब्रुवारीला वीसहून अधिक राज्यांत मतदान होऊनही निकाल लागला नाही. मार्चअखेर ओबामा प्रतिनिधींच्या संख्येत पुढे होते, आणि त्यांचे समर्थक सिनेटर पॅट्रिक लेही यांनी क्लिंटन यांनी माघार घ्यावी असे जाहीरपणे म्हटले. क्लिंटन थांबल्या नाहीत. २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनिया राज्य त्यांनी जिंकले.

ओबामांच्या सामान्य समर्थकाची त्या दिवसांतील भावना मराठीत मांडून पाहा : ‘आता तरी थांबावे.’ या तीन शब्दांत राग दिसत नाही. क्रियापद विध्यर्थी आहे, म्हणजे रूप सौम्य आहे. सारा वैताग ‘तरी’ या अव्ययात साठला आहे. थांबण्याच्या संधी यापूर्वीही येऊन गेल्या आणि त्या दवडल्या गेल्या, हे ते न सांगता गृहीत धरते. गृहीतकाशी वाद घालणे विधानाशी वाद घालण्यापेक्षा कठीण असते. ‘पूर्वी का थांबायचे होते?’ असे ऐकणाऱ्याने विचारले की तो विषयांतर करतो असे भासते.

याच वाक्याला कर्ता जोडू लागलात की दुसरी अडचण उभी राहते. इंग्रजीतील स्त्रीवाचक सर्वनाम आदर-अनादर दाखवत नाही. मराठीत ‘तिने थांबावे’ की ‘त्यांनी थांबावे’ हे ठरवावेच लागते. पहिल्यात तुच्छता ऐकू येते. दुसऱ्यात वैतागाची धार बोथट होते. माझ्या वर्गात हे वाक्य अनुवादासाठी दिले की निम्मे विद्यार्थी ‘तिने’ लिहितात, आणि तेच विद्यार्थी ओबामांसाठी न चुकता ‘त्यांनी’ लिहितात. त्याचे कारण मी त्यांनाच शोधायला सांगतो.

आता तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पर्याय : ‘आपण आता थांबावे.’ मराठीत ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. द्राविड भाषांच्या सहवासातून हा भेद मराठीत आला असे अनेक अभ्यासक मानतात. इंग्रजीत दोहोंना मिळून एकच सर्वनाम आहे. शिवाय मराठीत ‘आपण’ हे समोरच्या व्यक्तीसाठी आदरार्थीही येते. त्यामुळे ‘आपण आता थांबावे’ याचा अर्थ ‘तुम्ही माघार घ्यावी’ असा होतो आणि ‘आपण सर्वांनी भांडण थांबवावे’ असाही. पक्षाच्या ऐक्याचे आवाहन बहुतेक वेळा या संदिग्धतेवरच उभे असते. आवाहन सर्वांना असते, थांबायचे मात्र एकानेच असते.

दुसऱ्या बाजूचा वैतागही तितकाच अभ्यसनीय आहे. मिशिगन आणि फ्लोरिडा या राज्यांनी ठरलेल्या मुदतीआधी मतदान घेतले म्हणून पक्षाने त्यांचे सर्व प्रतिनिधी रद्द केले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचे नावच नव्हते. दोन्ही ठिकाणी क्लिंटन पुढे राहिल्या. ओबामा-समर्थकांच्या बोलण्यात या प्रकरणाचे नाम ‘नियम’ होते, क्लिंटन-समर्थकांच्या बोलण्यात ‘मत’. नियम पाळायचा असतो आणि मत मोजायचे असते. नाम बदलले की क्रियापद आपोआप बदलते आणि दोन्ही पक्षांना स्वतःचेच म्हणणे न्याय्य वाटू लागते. ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने दोन्ही राज्यांच्या प्रत्येक प्रतिनिधीला अर्धे मत दिले. सभागृहात ‘डेन्व्हर, डेन्व्हर’ असा घोष झाला, कारण अधिवेशन त्या शहरात व्हायचे होते आणि वाद तेथपर्यंत नेण्याची ती धमकी होती. केवळ एका स्थळनामाने धमकी देता येते, याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

याच सुमारास काही नाराज क्लिंटन-समर्थकांनी ‘प्यूमा’ हे नाव घेतले. इंग्रजीतील ‘पक्षाचे ऐक्य’ या अर्थाच्या शब्दांना एक अशिष्ट शब्द जोडून त्यांची आद्याक्षरे घेतलेली होती. पुढे त्याच अक्षरांचा एक सभ्य विस्तारही दिला गेला. ज्या शब्दाने आपल्याला गप्प केले जात होते, त्यावरच त्यांनी उलट वार केला.

‘तो उमेदवार झाला तर मी विरोधकाला मत देईन’ या वाक्याचे काय करायचे? मार्च २००८ मधील गॅलपच्या पाहणीत क्लिंटन-समर्थकांपैकी २८ टक्के आणि ओबामा-समर्थकांपैकी १९ टक्के लोकांनी, समोरचा उमेदवार ठरल्यास रिपब्लिकन जॉन मॅकेन यांना मत देऊ, असे सांगितले होते. नोव्हेंबरच्या मतदानोत्तर पाहणीत मात्र डेमोक्रॅट मतदारांपैकी ८९ टक्क्यांनी ओबामांना मत दिल्याचे दिसले. म्हणजे मार्चमधील उत्तरे खोटी होती काय? ऑस्टिन यांच्या वाक्कृती-सिद्धान्तानुसार येथे खरे-खोटे हा निकष लागू करणेच चुकीचे ठरेल. ते वाक्य रूपाने भविष्यकथन असले तरी कार्याने दबाव होते. बोलणारा पुढे काय करणार हे सांगत नव्हता. ऐकणाऱ्याने आज काय करावे हे सांगत होता. पाहणी करणाऱ्याने मात्र ते विधान म्हणून टिपून घेतले.

७ जूनला क्लिंटन यांनी आपली मोहीम थांबवून ओबामांना पाठिंबा जाहीर केला. २७ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मतमोजणी चालू असताना, ती थांबवून ओबामांची निवड आवाजी मतदानाने करावी, हा प्रस्ताव स्वतः क्लिंटन यांनीच मांडला.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या किंवा पतसंस्थेच्या निवडणुकीत एकाच गटातील दोन इच्छुकांचे समर्थक परस्परांविषयी बोलतात ती दहा वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्या. त्यांत ‘आपण’, ‘आम्ही’, ‘तरी’ आणि आदरार्थी रूपे कोठे आली आहेत, ते अधोरेखित करा. माघारीच्या शेवटच्या दिवसानंतर त्याच व्यक्तींची वाक्ये पुन्हा टिपा आणि कोणते सर्वनाम बदलले ते लिहा.